फोनला गेम झेपेल का? खोक्यावरचे आकडे सोडा, वीस मिनिटं तापवून बघा

मोबाइलच्या दुकानात गेमिंगचा फोन मागितला की समोर चार आकडे टाकले जातात: ८ अधिक ८ जीबी रॅम, १२० हर्ट्‌झचा डिस्प्ले, फाइव्ह-जी आणि ५००० एमएएचची बॅटरी. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा शूटिंगचा गेम) ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, सलग चालेल की नाही, हे यातला एकही आकडा सांगत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं. फोनमधला जीपीयू (चिपमधला गेमची चित्रं रंगवणारा भाग) कोणता आहे आणि फोन तापल्यावर तो किती दम धरतो. पहिली गोष्ट पाच मिनिटांत कळते. दुसरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून ती सहसा कुणी तपासत नाही आणि फोन घेतल्यावर आठवड्याभरात कुरकुर सुरू होते.

खालची पद्धत हातातल्या जुन्या अँड्रॉइड फोनला लागू पडते, तशीच नव्या फोनलाही. आयफोनचं थोडं वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

आधी गेम आणि एफपीएस ठरवा

"गेम चालतो का" हा प्रश्न अर्धवट आहे. नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग, कँडी क्रश किंवा सबवे सर्फर्स यांना ३-४ जीबी रॅमचा कुठलाही बऱ्या स्थितीतला फोन पुरतो. त्यांच्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही. खरा प्रश्न दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो: फ्री फायर मॅक्स, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, बीजीएमआय. त्याहून जड म्हणजे गेनशिन इम्पॅक्ट, होन्काई स्टार रेल आणि वदरिंग वेव्ह्ज. यातले गेनशिन आणि वदरिंग वेव्ह्ज उघडं, मोठं जग सतत रंगवत असतात, आणि तिन्ही गेम महागड्या फोनलाही घाम फोडतात.

गेम ठरला की एफपीएस ठरवा. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्रासाठी फोनच्या हातात फक्त १६.७ मिलिसेकंद. ९० ला हा वेळ ११.१ वर येतो, १२० ला ८.३ वर. ६० जेमतेम गाठणारा फोन सेटिंगमध्ये ९० निवडल्याने ९० देत नाही. तो ९० आणि ५५ च्या मध्ये हेलकावे खातो, आणि हे हेलकावे सलग ६० पेक्षा हाताला जास्त खटकतात.

बीजीएमआयच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात. एक चित्राच्या दर्जाची: स्मूद, बॅलन्स्ड, एचडी, एचडीआर वगैरे. दुसरी फ्रेम रेटची: लो २०, मीडियम २५, हाय ३०, अल्ट्रा ४०, एक्स्ट्रीम ६०, आणि त्यावर ९० व १२० चे पर्याय. कुठल्या मॉडेलला कोणते पर्याय द्यायचे हे गेमच ठरवतो. म्हणजे तुमच्या फोनवर स्मूदसोबतसुद्धा एक्स्ट्रीम निवडता येत नसेल, तर गेम बनवणाऱ्यांनी तो फोन ६० च्या लायकीचा धरलेला नाही. ही फुकटात मिळालेली माहिती आहे. उलट बाजू मात्र खरी नाही: पर्याय दिसतो म्हणजे तो टिकेलच असं नाही.

जीपीयूचं नाव शोधा

सेटिंग्जमधल्या "अबाउट फोन"मध्ये बऱ्याचदा नुसतं "ऑक्टा-कोर" लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही. हेलिओ जी३५ ही मीडियाटेकची स्वस्त चिपसुद्धा ऑक्टा-कोर आहे, पण त्यातले आठही कोर कॉर्टेक्स ए५३ जातीचे, म्हणजे बिनताकदीचे आहेत.

प्ले स्टोअरवरून सीपीयू-झेड, डेव्हचेक किंवा एडा६४ यांपैकी एक ॲप घ्या आणि पाच गोष्टी कागदावर लिहा.

१. प्रोसेसरचं नाव. ॲप कधीकधी नुसता सांकेतिक नंबर दाखवतं: एमटी६७८९ म्हणजे हेलिओ जी९९, एमटी६७६५ म्हणजे जी३५ किंवा पी३५, एसएम६२२५ म्हणजे स्नॅपड्रॅगन ६८०, एसएम६३७५ म्हणजे ६९५, एसएम८५५० म्हणजे ८ जेन २.

२. जीपीयू. "रेंडरर" या ओळीत ॲड्रीनो किंवा माली असं नाव आणि नंबर असतो. मालीच्या नावापुढचं एमसी२, एमसी४, एमसी६ हे शेपूट सोडू नका. तो जीपीयूच्या कोरचा आकडा आहे.

३. एबीआय, म्हणजे फोन कोणत्या प्रकारची ॲप चालवू शकतो त्याची यादी. यादीत "आर्म६४-व्ही८ए" हवं. काही स्वस्त फोनमध्ये चिप ६४ बिटची असते, पण कंपनीने वर अँड्रॉइड ३२ बिटचं बसवलेलं असतं. अशा फोनवर गेनशिनसारखे गेम प्ले स्टोअरवर "तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही" असं दाखवतात. बाहेरून एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) आणून टाकली तरी चालत नाहीत, त्यामुळे तो खटाटोप करू नका.

४. वल्कन आणि ओपनजीएल ईएस (गेम जीपीयूशी ज्यांच्यामार्फत बोलतो त्या दोन प्रणाली) यांची आवृत्ती. ओपनजीएल ईएस ३.२ आणि वल्कन १.१ किंवा पुढचं असेल तर चिंता नाही.

५. रॅम आणि स्टोरेजचा प्रकार. ॲप तो सांगत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पानावर बघा.

आता खरी मेख. माली-जी५७ एमसी२ हा एकच जीपीयू मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ७००, ६०८०, ६१००+, ६३०० आणि फोर-जीवाल्या हेलिओ जी९९ मध्येही आहे. नावं बदलली, खोक्यावर फाइव्ह-जी आलं, प्रोसेसरचा वेग थोडा वाढला. पण गेम रंगवणारा भाग तोच. डायमेन्सिटी ७०० चा फोन विकून ६३०० घेणाऱ्याला गेममध्ये फारसा फरक दिसत नाही, तो यामुळे. स्नॅपड्रॅगनमध्येही असा चकवा आहे: ४ जेन २ नवा आणि ४ नॅनोमीटरचा आहे, पण त्याचा ॲड्रीनो ६१३ हा जुन्या ६९५ मधल्या ॲड्रीनो ६१९ च्या मागे पडतो. नवं नाव म्हणजे चढता जीपीयू, हे गृहीत धरू नका.

जीपीयूवरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो. पॉवरव्हीआर जीई८३२० असेल तर बीजीएमआय २५-३० एफपीएसवर ढकलावा लागतो आणि गेनशिनचा विषयच सोडायचा. माली-जी५२ एमसी२ किंवा ॲड्रीनो ६१० वर बीजीएमआय स्मूदमध्ये ३० ते ४० पर्यंत ठीक. माली-जी५७ एमसी२ आणि ॲड्रीनो ६१९ या जोडीवर स्मूदमध्ये ६० जवळपास मिळतात, पण शेवटच्या सर्कलमध्ये (मॅचच्या अखेरीस उरलेले खेळाडू छोट्या जागेत येतात तेव्हा) घसरतात. गेनशिन अगदी खालच्या सेटिंगवर ३० च्या आत-बाहेर. माली-जी६८ एमसी४ किंवा जी६१० एमसी४ वर बीजीएमआयचे ६० निवांत. माली-जी६१० एमसी६, ॲड्रीनो ६५०, ७२५, ७३२ आणि त्यापुढचे जीपीयू आले की मगच गेनशिनमध्ये ४५-६० ची भाषा करावी. गेनशिन २०२० मध्ये आला तेव्हाच कंपनीची शिफारस स्नॅपड्रॅगन ८४५ ची होती. ती २०१८ मधली वरच्या दर्जाची चिप, आणि गेम तेव्हापासून जडच होत गेला आहे.

रॅम, आणि "अधिक ८ जीबी" नावाची थाप

अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप मिळून २-३ जीबी रॅम आधीच खातात. बीजीएमआयला ४ जीबीचा फोन कसाबसा पुरतो, पण मधेच व्हॉट्सॲप कॉल उचलला तर परत येईपर्यंत गेम बंद झालेला असतो. ६ जीबीला हा त्रास कमी होतो, आणि गेनशिन वर्गाला ८ जीबी हवी.

वाढीव म्हणजे व्हर्च्युअल रॅम ही रॅम नाही. स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरला जातो आणि स्टोरेज कितीही चांगलं असलं तरी रॅमच्या जवळपासही पोचत नाही. मागे पडलेली ॲप जिवंत ठेवायला तिचा थोडा उपयोग होतो, गेमचे एफपीएस तिने वाढत नाहीत. ईएमएमसी या संथ प्रकारच्या स्टोरेजच्या फोनमध्ये ती बंदच करा: सेटिंग्जमध्ये "रॅम" असं शोधलं की रॅम प्लस, मेमरी एक्स्टेन्शन किंवा एक्सटेंडेड रॅम अशा नावाने सापडते. बंद केल्यावर फोन रीस्टार्ट करावा लागतो.

स्टोरेजकडे लोक फक्त १२८ की २५६ एवढंच पाहतात, प्रकाराकडे नाही. ईएमएमसी ५.१ सेकंदाला साधारण ३०० एमबी वाचतं, यूएफएस २.२ सुमारे १००० आणि यूएफएस ३.१ सुमारे २००० एमबी. याचा एफपीएसशी थेट संबंध नाही, पण बीजीएमआयच्या एरँगल नकाशात पोचिंकी गावावर पॅराशूटने उतरताना घरं मातीच्या ठोकळ्यांसारखी दिसतात, दारं-खिडक्या दोन-तीन सेकंदांनी उमटतात आणि तोवर समोरच्याने बंदूक उचललेली असते. हा प्रकार बहुतेक वेळा संथ स्टोरेजचा असतो. स्टोरेज काठोकाठ भरलं की यूएफएससुद्धा मंदावतं. १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. गेनशिन एकटा २० जीबीच्या वर जातो, हे ६४ जीबीच्या फोनवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

वीस मिनिटांची चाचणी

दुकानातला डेमो, यूट्यूबवरचा दोन मिनिटांचा गेमप्ले आणि बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या ॲपचा) एकच मोठा आकडा या तिन्हींत एकच खोट आहे: फोन थंड असतानाचं काम दिसतं. चिप तापली की फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. खेळ त्यानंतरच्या फोनवर चालतो, म्हणून मोजायचं तेही तेव्हाच.

थ्रीडीमार्क हे फुकट ॲप घ्या आणि त्यातली "वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट" निवडा. एका मिनिटाचा एक असे वीस फेरे ती घेते. आधी तयारी करा:

- बॅटरी ५० ते ९० टक्क्यांच्या मध्ये, चार्जर काढलेला.
- बॅटरी सेव्हर बंद. फोनमध्ये परफॉर्मन्स मोड असेल तर रोज खेळताना जो ठेवता तोच ठेवा.
- ब्राइटनेस नेहमीचा. कव्हर लावून खेळत असाल तर कव्हरसकट चाचणी घ्या.
- मागची ॲप बंद, अपडेट थांबवलेले.
- खोली नेहमीची. एसीत घेतलेला आकडा मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरला उपयोगाचा नाही. बाहेर ४५ अंश असताना फोनला उष्णता टाकायला जागाच नसते आणि तोच फोन डिसेंबरपेक्षा बराच लवकर गळतो.

शेवटी तीन आकडे मिळतात: सर्वात चांगला फेरा, सर्वात वाईट फेरा आणि स्थिरतेचे टक्के. लोक टक्के बघून खूश किंवा नाराज होतात, आणि तिथेच फसतात. स्नॅपड्रॅगन ६८० चा फोन ९९ टक्के स्थिरता दाखवतो, कारण त्याच्यात तापण्याइतका जोरच नाही. गुण मात्र पाचशेच्याही खाली. दुसऱ्या फोनचा चांगला फेरा ४२०० आणि वाईट २६०० असेल तर स्थिरता फक्त ६२ टक्के, तरीही तापलेल्या अवस्थेत तो पहिल्याच्या पाचपटीहून पुढे आहे. म्हणून वाईट फेऱ्याचा आकडा धरा. त्याला १६७ ने भागलं की या चाचणीतले सरासरी एफपीएस मिळतात: ४२०० चे २५, २६०० चे साडेपंधरा. ही चाचणी २५६० गुणिले १४४० वर चालते आणि बीजीएमआयपेक्षा खूप जड आहे, त्यामुळे आकडे लहान दिसले म्हणून घाबरू नका. दोन फोनची तुलना करायला आणि किती टक्के घसरण झाली ते बघायला ते वापरायचे. फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीच्या सर्वात वरच्या दर्जाच्या, चिपवर ॲप "मॅक्स्ड आउट" म्हणतं, तेव्हा "वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम" घ्या. पण त्याचे गुण साध्या वाइल्ड लाइफशी ताडू नका.

अंटूटूचा आकडा दुकानदारांचा आवडता. त्यात सीपीयू, मेमरी, जीपीयू सगळ्याची बेरीज असते आणि ॲपची आवृत्ती बदलली की गुणही फुगतात. बघायचाच असेल तर त्यातला जीपीयूचा वेगळा आकडा बघा, आणि दोन्ही फोनवर एकच आवृत्ती आहे ना ते तपासा.

यानंतर खरा गेम. एफपीएसचा मीटर बहुतेक फोनमध्ये असतोच: शाओमीत गेम टर्बो, वनप्लस-रिअलमी-ओप्पोमध्ये गेम असिस्टंट, पिक्सेलमध्ये गेम डॅशबोर्ड, सॅमसंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधलं जीपीयू वॉच. डेव्हलपर ऑप्शन्स उघडायला "बिल्ड नंबर"वर सात वेळा टॅप करावं लागतं. तिथेच "शो रिफ्रेश रेट" असाही एक पर्याय आहे, त्याला भुलू नका. तो डिस्प्लेचे हर्ट्‌झ दाखवतो, गेमचे एफपीएस नाही. गेम ३५ वर रडत असताना तिथे १२० दिसू शकतात.

एरँगलची एक पूर्ण क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते, त्यामुळे चाचणीला ती उत्तम. पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या मिनिटाला आकडा लिहा. शिवाय गाडीत असताना, स्मोक ग्रेनेड फुटल्यावर आणि शेवटच्या सर्कलमध्ये बघा. तिथे ५५ च्या वर राहिला तर फोन ६० ला पात्र. गेमचा मोठा अपडेट आल्यावर पहिल्या एक-दोन मॅचमध्ये झटके येतात, कारण शेडर (प्रकाश आणि रंग काढणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात. त्या मॅचवरून निकाल देऊ नका.

कुठे अडतंय ते ओळखा

"लॅग" या एका शब्दात लोक सहा वेगळे आजार कोंबतात. मीटर समोर ठेवला की ते सुटे होतात.

मीटरवर ६० आहेत, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो, गोळ्या लागूनही मरत नाही: हे नेटवर्क आहे, फोन बिचारा निर्दोष. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बघा. ६० मिलिसेकंदांच्या आत छान, १०० च्या पुढे त्रास. वाय-फाय २.४ वरून ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. घरात कुणी मोठं डाउनलोड लावलं असेल तर ते थांबवा.

पहिल्या मिनिटापासून ३५-४० च्या वर जातच नाही: जीपीयूची मर्यादा. दर्जा आणि रिझोल्यूशन उतरवणं एवढाच इलाज. दहा मिनिटं ६० आणि मग एकदम ४० किंवा ३०: उष्णता. मधूनमधून, विशेषतः नव्या भागात शिरताना किंवा पटकन वळताना एखादा झटका: स्टोरेज किंवा भरलेली रॅम. काही न सांगता गेम बंद होऊन होम स्क्रीन येते: रॅम संपली. आणि बॅटरी १५-२० टक्क्यांवर आली की एफपीएस पडतात, तेव्हा बहुतेक वेळा बॅटरी सेव्हर आपोआप सुरू झालेला असतो किंवा बॅटरी जुनी झालेली असते.

सेटिंग उतरवायचा क्रम

आधी सावल्या बंद. चित्रात फारसं कमी होत नाही आणि जीपीयूचा मोठा भार हलका होतो. मग अँटी-अलायझिंग (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणं), मग चित्राचा दर्जा स्मूदवर. गेनशिनमध्ये रेंडर रिझोल्यूशन सगळ्यात जास्त फरक पाडतं, ते एखादी पायरी खाली किंवा कमजोर फोनवर अगदी खाली आणा. फ्रेम रेट शेवटी, पण तो उतरवायला लाजू नका: ६० आणि ४२ च्या मध्ये डुचमळण्यापेक्षा सलग ४० वर नेम चांगला बसतो आणि फोन कमी तापतो.

उष्णतेसाठी पहिला उपाय कव्हर काढणं. दुसरा, चार्जिंगला लावून न खेळणं. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते आणि त्यात चिपची भर पडते. काही फोनमध्ये चार्जरची वीज बॅटरीला वगळून थेट फोनला देण्याची सोय असते. सॅमसंगमध्ये ती गेम बूस्टरमध्ये "पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी" या नावाने आहे आणि तिला पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचा चार्जर लागतो. तिसरा उपाय साधा टेबल फॅन, फोनच्या पाठीवर. फ्रिजमध्ये फोन ठेवण्याचा उद्योग करू नका, बाहेर काढल्यावर आत दमट हवेचं पाणी धरतं. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात बर्फगार पेल्टिअर कूलर (फोनच्या पाठीला लावायचा विजेवरचा कूलर) लावतानाही हीच काळजी घ्या.

तीन गोष्टी टाळा. "गेम बूस्टर" नावाची बाहेरची ॲप मागची ॲप बंद करण्यापलीकडे काही करत नाहीत आणि वर जाहिराती दाखवून स्वतःच रॅम खातात. डेव्हलपर ऑप्शन्समधलं "फोर्स ४एक्स एमएसएए" (कडा गुळगुळीत करण्याचाच एक प्रकार) जीपीयूचं काम वाढवतं, कमी करत नाही. आणि जीएफएक्स टूलने (गेमची सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या ॲपने) बीजीएमआयच्या फाइलमध्ये हात घालून ९० उघडले तर अकाउंटवर बंदी येऊ शकते.

आयफोन

इथे रॅम आणि चिपचा काथ्याकूट नको, मॉडेल बघा. ॲप स्टोअरवर गेमच्या पानावर "कम्पॅटिबिलिटी" उघडली की तुमचा फोन चालेल की नाही ते लिहिलेलं असतं. रेसिडेंट ईव्हल व्हिलेज २०२३ मध्ये आयफोनवर आला तो ए१७ प्रो असलेल्या १५ प्रो आणि १५ प्रो मॅक्सवरच. त्याच वर्षीचा साधा १५ बाहेर राहिला. जुन्या आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात बॅटरी हेल्थ पाहा. बॅटरी थकून फोन अचानक बंद पडला असेल तर आयओएस वेगावर लगाम घालतं, आणि मग बॅटरी बदलणं हा नवा फोन घेण्यापेक्षा खूप स्वस्त उपाय ठरतो.

विकत घेताना

नाव पूर्ण वाचा. एकाच मालिकेतल्या फोर-जी आणि फाइव्ह-जी फोनमध्ये चिप वेगळी असते. देशानुसारही बदलते: गॅलेक्सी एस२४ आणि एस२४ प्लस भारतात एक्झिनॉस २४०० घेऊन आले, अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. त्यामुळे परदेशी रिव्ह्यूमधले गेमिंगचे आकडे इथल्या फोनचे असतीलच असं नाही. स्टोरेजचंही तसंच, एस२३ च्या १२८ जीबी मॉडेलमध्ये यूएफएस ३.१ होतं आणि २५६ मध्ये ४.०.

बजेट तंग असेल आणि गेम हाच मुख्य हेतू असेल, तर नव्या मध्यम फोनपेक्षा वापरलेला जुना फ्लॅगशिप बरा पडतो. स्नॅपड्रॅगन ८७० किंवा ८+ जेन १ शोधा. ८८८ आणि साधा ८ जेन १ तापण्यासाठी बदनाम आहेत. ८+ जेन १ चा निभाव लागला कारण तो सॅमसंगऐवजी टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या कारखान्यात बनला. बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरा. *#०६# डायल करून आयएमईआय घ्या आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोन ब्लॅकलिस्ट झालेला असेल तर तिथे कळतं. मग वर सांगितलेली स्ट्रेस टेस्ट विकणाऱ्यासमोरच लावा. वीस मिनिटं थांबायला तो तयार नसेल तर दुसरा फोन बघा.

नवा फोन ऑनलाइन घेतला असेल तर बदलून मिळण्याची मुदत थोडीच असते, त्यामुळे चाचणी पहिल्या दोन दिवसांत उरका. गेमचे डाउनलोड पहिल्या रात्रीच वाय-फायवर लावून ठेवा. पहिल्या दिवशी फोन जुना डेटा उतरवत, ॲप अपडेट करत आणि फोटो चाळत असतो, त्यामुळे तो एरवीपेक्षा गरम राहतो. आकडे दुसऱ्या दिवशी घ्या.